जुनी सिलुएट्स : तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात जुन्या सिलुएट पोर्ट्रेट्सबद्दल छोटं टिपण दिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेतेय. ज्यांचं ते टिपण हुकलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधारण १७६० ते १८५० च्या दरम्यान, म्हणजे फोटो सर्रास निघायला लागायच्या आधी, इंग्लंड-अमेरिकेतल्या साध्या कमाईच्या माणसाला रंगीत मिनिएचर, म्हणजे हाताने रंगवलेलं छोटं पोर्ट्रेट, काही परवडायचं नाही, मग तो कारागिरासमोर एका अंगाने बसायचा आणि कारागीर त्याच्या चेहऱ्याची बाजूने दिसणारी काळी आकृती कागदावर, प्लास्टरवर नाहीतर काचेवर उतरवून द्यायचा, तळहातावर मावेल एवढी. मी जमवते ती हीच.

शेफिल्डहून एक वाचक : ताई, इथल्या अँटिक फेअरमध्ये काळ्या चौकोनी फ्रेममधलं एक सिलुएट घेतलं. वर पितळेची कडी आहे, आत अंडाकृती पांढऱ्या जागेवर एका माणसाचा चेहरा. विकणाऱ्या बाई म्हणाल्या जॉन मायर्स या जुन्या सिलुएट कारागिराचं आहे. मागे फाटकं लेबल आहे पण वाचता येत नाही. खरं का छापील हे कसं ओळखायचं? फ्रेम उघडून बघू का?

अहो आधी ते उघडायचं डोक्यातून काढा. मागचा कागद जुना असेल, तपकिरी पडलेला, कडेकडेने अजून चिकटलेला, तर तुमचा निम्मा पुरावा तोच आहे आणि एकदा फाडलात की तो परत जोडता येत नाही. सिलुएट हातात घेतलं की लोक पुढून बघत बसतात, मी सगळ्यांना सांगते आधी उलटं करा.

लेबल वाचता येत नाही म्हणताय ना, अंधाऱ्या खोलीत फोनचा टॉर्च अगदी तिरका धरून फोटो काढा आणि मग फोनमध्येच कॉन्ट्रास्ट वाढवा, पुसट छपाई बऱ्याचदा उठून येते. पूर्ण वाक्य लागत नाही, एखादा आकडा किंवा रस्त्याचं नाव मिळालं तरी खूप झालं. मायर्स मूळचा लीड्सचा, तिथून गावोगाव फिरत एडिनबराला गेला (१७८७ मध्ये कवी रॉबर्ट बर्न्स त्याच्यासमोर बसला होता) आणि १७८८ च्या सुमाराला लंडनला येऊन राहिला, पुढे वर्षानुवर्षं त्याचा पत्ता तिथल्या स्ट्रँड रस्त्यावर १११ नंबर होता. पत्ता बदलला की लेबल बदलायचं, म्हणून लेबलावरून काळ सांगता येतो. लीड्सचं लेबल निघालं तर तुमच्या हातात त्याचं सुरुवातीचं काम आहे, ते कमी मिळतं. मायर्स आणि फील्ड अशी दोन्ही नावं असतील तर १८२१ नंतरचं, कारण त्या साली मायर्स गेला आणि त्याच्याकडे आधीपासून काम करणारा जॉन फील्ड मायर्सच्या मुलाबरोबर दुकान चालवायला लागला.

आता पुढची बाजू. चांगलं दहापट भिंग घ्या आणि चेहऱ्याकडे न बघता गळ्याशी जी झालर असते तिच्याकडे बघा. छापील असेल तर बारीक टिंबांची जाळी दिसेल, विषय संपला. हाताने रंगवलेलं असेल तर चेहरा गच्च काळा, अजिबात चमक नसलेला, आणि तोच काळा रंग केसांकडे आणि झालरीकडे जाता जाता पाणी घालून पातळ केलेला दिसेल, इतका पातळ की झालरीच्या एका घडीवर दुसरी घडी आली की तिथेच तेवढा गडद होतो. मायर्सच्या चांगल्या कामात मानेमागे बांधलेल्या केसांच्या रिबिनीची गाठसुद्धा अशी आरपार दिसते आणि कपाळावरचे सुटे केस एकेक वेगळे. हे मी पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हापासून मला रंगीत मिनिएचर्सचं एवढं कौतुक राहिलं नाही, खरंच सांगते. केसांवर, कपड्यांवर सोनेरी-तपकिरी रेषा मारलेल्या असतील तर ते ब्राँझिंग, त्याची फॅशन १८०० नंतर वाढली आणि फील्डचा त्यात फार सुंदर हात होता.

मायर्स बहुतेक प्लास्टरच्या पातळ चकतीवर रंगवायचा, त्यामुळे नग दिसतो त्यापेक्षा थोडा जड लागतो आणि पांढरा भाग कागदासारखा न दिसता मऊ, खडूसारखा दिसतो. एक मात्र लक्षात ठेवा, फ्रेम बदलता येते आणि दुसऱ्या नगाचं लेबलसुद्धा चिकटवता येतं. म्हणून लेबल, फ्रेम आणि ब्रशचं काम तिन्ही एकच गोष्ट सांगतायत का ते बघायचं. आणि तुमच्या नगातलाच चेहरा दुसरीकडे कुठे दिसला तर घाबरू नका, मायर्स मूळ आराखडे जपून ठेवायचा आणि एकदा बसलेल्याला परत न बसता हव्या तेवढ्या प्रती मिळतील अशी त्याची जाहिरातच होती, तेव्हा दोन्ही अस्सल असू शकतात.

टोरांटोहून : बाहेर फुगलेल्या काचेवर बागेत उभं जोडपं आहे, घेरदार झगा, छत्री, मागे रंगीत देखावा. आम्ही १८३० चं समजून घेतलं.

हे बहुतेक १९३० ते १९५० मधलं अमेरिकन भिंतीवरचं डेकोरेशन आहे, कारखान्यात हजारोंनी निघायचं. आवडत असेल तर खुशाल लावा, मलाही त्यातली काही गोड वाटतात, पण ते कुणाचं पोर्ट्रेट नाही. जुन्या कामात समोर एक खरा माणूस बसलेला असतो, त्याचं नाक वाकडं असलं तर चित्रात वाकडंच येतं. बागेतली जोडपी सगळी सारखीच सुंदर असतात त्यावरूनच कळतं.

पुण्याहून एक वाचक : आजोबांनी फार वर्षांपूर्वी कॅम्पातल्या एका इंग्रज कुटुंबाच्या सामानाच्या लिलावातून घेतलेलं एका बाईंचं काळं चित्र घरात आहे, मोठी हॅट, खूप लेस. चित्र बहुतेक काचेवरच आहे. आतून पांढरट धूसर झालंय आणि हॅटपाशी काळ्याचा पापुद्रा उडालाय. कॉलिन मारून हलक्या हाताने पुसलं तर चालेल का?

नको, प्लीज नको, आणि घरातल्या बाकीच्यांनाही आजच सांगून ठेवा. तुम्ही वर्णन केलंय ते काचेच्या आतल्या बाजूने रंगवलेलं काम आहे. कारागीर उलट्या बाजूने काम करायचा, आधी पुढे दिसणारे बारीक तपशील आणि मग मागची गच्च काळी भर, लेसची नक्षी काढायला ओल्या-सुक्या रंगातून सुईने ओरखडे काढायचा. तो रंग काचेला नुसता टेकून असतो, कागदात मुरावा तसा मुरत नाही. बाहेरून मारलेला स्प्रे फ्रेमच्या फटीतून आत गेला की लेससकट सगळं वाहून येईल.

लंडनला फ्लीट स्ट्रीटवर २७ नंबरला इझाबेला बीथम नावाच्या बाई हे काम करायच्या, हॅट आणि लेस यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं असं माझं मत आहे, आणि बाथ शहरात चार्ल्स रोझेनबर्ग होता. तुमचं चित्र यांच्यापैकी कुणाचं आहे असं मी नुसत्या वर्णनावरून म्हणणार नाही, पण चित्राच्या मागे, म्हणजे फ्रेमच्या पाठीवर, लेबल किंवा काही लिहिलेलं आहे का ते बघून मला फोटो पाठवा. आजोबांनी कधी, कुठल्या घरातून घेतलं हे घरातल्या मोठ्यांपैकी कुणाला आठवत असेल तर तेही आत्ताच विचारून लिहून ठेवा.

तोपर्यंत काय करायचं ते सांगते. बाहेरची काच अगदी कोरड्या मऊ फडक्याने, एकदाच, जोर न लावता. पापुद्रा उडतोय म्हणजे भिंतीवरून काढा आणि आडवं ठेवा, हलवाहलव कमी. त्या काळात काही जण फुगीर काचेच्या मागे पांढरं मेण ओतायचे, काच आणि मेण गरमीत सारखं फुगत नाहीत म्हणून मेणाला तडा जातो आणि तो काळा रंग बरोबर घेऊन जातो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये खिडकीशी, देवघरातल्या दिव्याजवळ, टीव्हीच्या वर असं कुठेही नको. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल भिंतीतून येते. एका बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवलं तर चालेल पण पुड्या चित्राला टेकल्या नाही पाहिजेत आणि दर काही आठवड्यांनी बदलायच्या. दुरुस्तीचं काम फक्त काचेवरच्या रंगाचा अनुभव असलेल्या माणसाकडे, फ्रेमवाल्याकडे नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे आधी फोटो दाखवून सल्ला घ्या.

नाशिकहून : आमचे यजमान म्हणतात सगळी काळी तोंडं सारखीच, यात जमवण्यासारखं काय आहे? तुमच्याकडून उत्तर हवंय!

यजमानांना म्हणावं चेहरा सोडा, डोक्यापासून खांद्यापर्यंत कपडे बघा. १७८० च्या आसपासचा पुरुष असेल तर केस मागे ओढून रिबिनीने बांधलेले आणि पावडर लावलेले, बाईच्या डोक्यावर केसांचा केवढा तरी डोंगर आणि वर हॅट. मग १७९५ मध्ये इंग्लंडच्या सरकारला युद्धाला पैसे हवे होते म्हणून केसांच्या पावडरीवर कर बसला, माणशी वर्षाला एक गिनी, म्हणजे पौंडाहून थोडं जास्त, आणि बघता बघता लोकांनी पावडर सोडली, केस आखूड कापले. ते सिलुएटमध्ये स्पष्ट दिसतं, डोक्याचा आकारच लहान होतो. पुढे पुरुषांच्या कॉलरी कानापर्यंत चढतात, १८३० च्या सुमाराला बायकांच्या बाह्या खांद्याशी फुग्यासारख्या फुगतात. एक कर बसला आणि हजारो माणसांच्या डोक्याची बाहेरची रेघ बदलली, हे दुसऱ्या कुठल्या कलेत इतकं स्वच्छ दिसतं ते मला सांगावं त्यांनी.

आणि सारखी मुळीच नसतात. पुढचे दात पडलेल्या म्हातारीचा आत गेलेला ओठ, दुहेरी हनुवटी, लहान मुलाचं वर उचललेलं नाक, हे सगळं त्या एका रेघेत असतं. रंग नाही, डोळे नाहीत, त्यामुळे खोटी स्तुती करायला कारागिराकडे जागाच कमी.

न्यू जर्सीहून : आमच्याकडे वेगळ्या प्रकारचं आहे. पांढऱ्या कागदात चेहऱ्याच्या आकाराचं भोक कापलंय आणि मागे काळं कापड लावलंय. खाली शाई नसलेला उठावाचा ठसा आहे, त्यात म्युझियम असं वाचता येतं. याची काही किंमत आहे का?

किमतीच्या आधी गोष्ट ऐका, कारण ठसा खरा असेल तर तुमच्याकडे फार मोठी वस्तू आहे. फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील नावाच्या चित्रकाराचं म्युझियम होतं, तिथे १८०२ मध्ये चेहरा उतरवायचं यंत्र बसवलं, फिझिओनोट्रेस म्हणतात त्याला. माणसाने टेकून बसायचं, एक दांडी त्याच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरवायची आणि जोडलेल्या दांड्यांमुळे तोच आकार लहान होऊन कागदावर दाबाची रेघ म्हणून उमटायचा. कागदाला दोन घड्या घातलेल्या असायच्या, म्हणजे एकदा कापलं की चार चेहरे. मग त्या रेघेवरून आतला भाग कापून काढायचा. हे कापायचं काम करायचा मोझेस विल्यम्स.

मोझेस पीलच्या घरात गुलाम म्हणून वाढला. त्याच घरात पीलच्या मुलांना चित्रकला शिकवली गेली, मोझेसच्या हातात हे यंत्र आणि कात्री आली. १८०२ च्या सुमाराला त्याला मोकळं केलं आणि त्याने तेच काम धंदा म्हणून सुरू ठेवलं, एका माणसाचे आठ सेंट. पहिल्याच वर्षात आठ हजारावर लोकांचे चेहरे तिथे निघाले. त्या कमाईतून त्याने स्वतःचं घर घेतलं. आणि ठशावर काय, तर म्युझियमचं नाव. ज्या माणसाच्या कात्रीने ती नाकं, त्या पापण्या कापल्या त्याचं नाव त्या कागदावर कुठेच नाही, मला हे दरवेळी लागतं. एक सिलुएट मात्र फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनी नावाच्या जुन्या ग्रंथालयात आहे ज्यावर चेहरे कापणारा मोझेस विल्यम्स असं लिहिलंय.

म्हणून तुम्ही तुमचा नग विकलात, कुणाला दिलात, लेकीच्या लग्नात भेट दिलात, तरी वर्णन लिहिताना त्यात त्याचं नाव घाला. नुसतं पील म्युझियम लिहू नका. पीलच्या यंत्रावर काही लोक स्वतःही कापून घ्यायचे, त्यामुळे प्रत्येक नग त्याचाच असं ठामपणे म्हणता येत नाही, पण शक्यता म्हणून तरी त्याचं नाव तिथे हवंच.

आता तपासणी. ठसा आहे म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, साध्या सिलुएटवर नंतर खोटे ठसे मारलेले नग बाजारात आहेत. तिरक्या उजेडात कापलेल्या कडेजवळ दाबाची बारीक रेघ दिसते का बघा, कात्री जिथे जरा आत-बाहेर झाली तिथे ती सापडते. कागद जुना आणि चिंध्यांपासून केलेला हवा, मागच्या पिवळ्या पुठ्ठ्याचा डाग कागदावर आलेला असेल तर तो पुठ्ठा बदलून घ्या पण पुठ्ठ्यावर पेन्सिलने काही लिहिलं असेल तर पुठ्ठा फेकू नका, वेगळा जपा. आणि हाताळून झालं की हात साबणाने धुवा. हे उगाच नाही सांगत, त्याच काळातला विल्यम बाश नावाचा फिरता सिलुएट कारागीर होता, त्याचं जवळजवळ दोन हजार चेहऱ्यांचं वहीसारखं आल्बम वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे आणि तपासणी केली तर त्यात आर्सेनिक निघालं.

मुंबईहून : लंडनच्या ऑनलाइन लिलावात अंगठीत बसवलेलं मायर्सचं इवलंसं सिलुएट आहे, हस्तिदंतावर. बोली लावू का?

मुंबईला मागवणार असाल तर नको. ब्रिटनमध्ये हस्तिदंताचा नवा कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे, त्यात १९१८ च्या आधीच्या आणि ३२० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पोर्ट्रेट मिनिएचर्सना सूट आहे, पण विकणाऱ्याने नोंदणी केलेली असावी लागते. म्हणजे तिकडे विक्री कायदेशीर असू शकते. आपल्याकडे मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, वस्तू दोनशे वर्षांची आहे म्हणून सुटका नाही, कस्टममध्ये अडकलं तर पैसे गेले आणि वर केस. प्लास्टरवरचं किंवा कागदावरचं घ्या, मायर्सचं मोठं काम तसंही प्लास्टरवरच जास्त चांगलं आहे.

एडिनबराहून एक विद्यार्थिनी : ताई, मी इथे मास्टर्स करतेय, बजेट अगदीच कमी. एखादंच घ्यायचं तर काय घेऊ? आणि चित्रातला माणूस कोण हे शोधता येतं का?

तू योग्य गावात आहेस. ऑग्युस्त एदुआर नावाचा फ्रेंच कारागीर १८३० च्या सुमाराला एडिनबराला येऊन राहिला होता, तेव्हा गादी गेलेला फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स होलीरूड पॅलेसमध्ये आश्रयाला होता आणि एदुआरने त्या सगळ्या राजघराण्याची सिलुएट्स कापली. यंत्र नाही, समोरच्या माणसाकडे बघत हातातली कात्री, आणि चेहराच नाही, डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा माणूस. मोठ्या माणसाचे पाच शिलिंग घ्यायचा. ब्राँझिंग वगैरे सोनेरी प्रकार त्याला अजिबात आवडायचे नाहीत, काळं ते काळं.

मला तो सगळ्यात जवळचा वाटतो ते दुसऱ्याच कारणासाठी. तो कागद दुमडून कापायचा, एक प्रत गिऱ्हाईकाला आणि दुसरी स्वतःच्या वहीत, आणि वहीत नाव, गाव, तारीख लिहून ठेवायचा. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि पुढे १८३९ पासून दहा वर्षं अमेरिका, सगळीकडच्या माणसांच्या अशा वह्या. १८४९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेहून परत येताना त्याचं जहाज गर्नसी बेटाच्या किनाऱ्याला फुटलं आणि त्यातल्या बऱ्याच वह्या समुद्रात गेल्या. तो वाचला पण त्या धक्क्यानंतर पहिल्यासारखं काम त्याने केलं नाही, वाचलेल्या वह्या ज्या कुटुंबाने त्याला आसरा दिला त्यांना देऊन टाकल्या. त्या वह्यांची पानं विसाव्या शतकात सुटी होऊन विकली गेली म्हणून आज आपल्याला नावासकट माणसं मिळतात.

तुझ्या बजेटमध्ये एदुआरचा चांगला नग बसेल असं मला वाटत नाही, पण कागद कापून चिकटवलेली, कारागीर माहीत नसलेली १८३०-४० मधली सिलुएट्स छोट्या लिलावांमध्ये मिळतात, बऱ्याचदा तीन-चारचा गठ्ठा. त्यात निवड करताना एकच बघ, कुठल्या नगाच्या मागे नाव आहे. कोपरा फाटलाय, डाग पडलेत, फ्रेमच नाहीये, चालेल. स्वच्छ, सुंदर आणि बेनावाचा एक आणि डागाळलेला पण मागे पेन्सिलने नाव-गाव असलेला एक, दोन्ही एकाच किमतीला असले तर मी दरवेळी दुसरा घेते, आणि तूही तोच घे.

नाव आणि गाव मिळालं की स्कॉटलंडमध्ये पुढचं काम बरंच सोपं आहे, चर्चमधल्या जन्म-लग्नाच्या जुन्या नोंदी सरकारी वेबसाइटवर शोधता येतात आणि एडिनबराच्या व्यापाऱ्यांच्या, रहिवाशांच्या जुन्या छापील डिरेक्टरी नॅशनल लायब्ररीने स्कॅन करून फुकट ठेवल्यात. आडनाव दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने शोध. सापडलेलं सगळं एका चांगल्या कागदावर मऊ पेन्सिलने लिही, कुठून, कुणाकडून, किती तारखेला घेतलं तेही लिही, आणि तो कागद वेगळ्या पाकिटात चित्राबरोबर ठेव, चित्राच्या पाठीवर तू स्वतः काहीही लिहू नकोस आणि चिकटपट्टी तर कधीच लावू नकोस.